हाख

काचरूबाई म्हणाल्या, हाख.
मला ऐकू आलं, हाक.
म्हटलं, कुणाला?

त्यांनी होमिओपॅथीच्या बाटलीतून
चौदा दाणे माझ्या तळहातावर ओतले.
मोहरीच म्हटली असती मी, जरा तांबूस.
त्यांच्या मावशीच्या परसातलं वाण.
घर सुटलं तेव्हा भावाने गंजीफ्रॉकच्या घडीत आणलं,
जम्मूला दर थंडीत लावलं, दर थंडीत राखलं.
भाऊ आता नाही.
आणि बाई चौथ्या मजल्यावर, त्यांच्या खिडकीत
ऊन फक्त सव्वाचार ते पाच.

माझं घर तळाला. मागच्या दारी
दीड हाताची पट्टी, नेरूळची भरावाची माती:
मुरूम, विटांचे तुकडे,
एकदा खुरप्याला अख्खा शिंपला लागला.
खाडीने अजून ताबा सोडलेला नाही.
शेणखत घातलं, राख घातली, दसऱ्याला पेरलं.
नऊ उगवले. दोन गोगलगायींनी नेले.

पानं आली रुंद, जाड, दव न धरणारी.
सीवूड्सच्या मॉलमध्ये हिच्याच कुठल्याशा बहिणीला
केल म्हणतात. सात पानं, दीडशे रुपये.
कुणी केलं, कुणाला परवडलं.

मी माठासारखी परतली, लसूण, ओलं खोबरं.
काचरूबाईंनी पहिला घास घेतला,
बराच वेळ चावला.
म्हणाल्या, चिरायची नसते. अख्खी पानं, मोहरीचं तेल, हिंग.
मग म्हणाल्या, अजून वाढा.

बियाणं मात्र धरेना.
शेजारचा माठ बघा, बेशरम,
फुलला, वाळला, लादीच्या फटीतसुद्धा पोरं टाकून गेला.
हाख नुसती उंच होत राहिली.
उन्हाळा गेला, पाऊस पत्र्याखाली काढला,
खालची पानं आम्ही खात राहिलो, वरची येत राहिली.
म्हातारपणच येईना तिला.
बर्फ लागतो, बाई म्हणाल्या,
थंडीने एकदा चांगलं छळल्याशिवाय
तिला पुढचं सुचत नाही.
नेरूळला एकोणीस अंशाला माकडटोप्या निघतात.
बर्फ कुठून आणू?

भाचा तुर्भ्याच्या शीतगृहात हजेरी मांडतो.
दिवाळी उरकल्यावर त्याच्या स्कूटरवर
रंगाच्या दोन बादल्या, दोन झाडं.
(एकट्या झाडाला शेंग धरत नाही,
हे बाईंनी ऐन निघताना सांगितलं.)
बटाट्याच्या गोण्यांशेजारी कोपरा मिळाला.
वहीत त्याने लिहिलं: भाजी, नग दोन, मालक मावशी.
एक बल्ब चालू ठेवला. त्याचे पैसे घेतले नाहीत.
काचरूबाई रविवारी शाल घेऊन जायच्या,
दहा मिनिटं आत उभ्या राहायच्या.
झाडांसाठी, म्हणायच्या.
मी बाहेर हमालांबरोबर चहा प्यायचे.

संक्रांतीला दोन्ही घरी आली,
मरगळलेली, रुसलेली, तुरुंगातून सुटल्यासारखी.
महाशिवरात्रीच्या सकाळी
मधोमध एक दांडा, त्यावर पिवळं,
चार पाकळ्यांचं. मग दहा. मग मोजणं सोडलं.
मधमाशा कमी, म्हणून मी कापसाची काडी घेऊन
या झाडावरून त्या झाडावर. साठाव्या वर्षी
हे काम माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

मावा आला, साबणाचं पाणी मारलं.
पाडव्याच्या पुढेमागे शेंगा खडखडल्या.
बाईंनी ओढणीवर चोळल्या, फुंकल्या,
एक दाणा दाताखाली फोडला
आणि काहीच बोलल्या नाहीत.
दोनशे अकरा. तो एक धरून.

या दसऱ्याला पुन्हा पेरलंय.
आज सहाव्या दिवशी चौथ्या मजल्यावरून आवाज:
ए, हाख आली का?
मी वाकून पाहिलं. मातीला भेग, भेगेत
हिरवा वाकडा मणका, टोपी अजून डोक्यावर.
ओ, म्हटलं. ओ.

आता राखेचं कडं करायला हवं.
गोगलगायींनाही ऐकू गेलं असेल.